बंगळूरची दुसरी खेप

येलहंका स्टेशनात गाडी थांबली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि सोलापूरची मी चक्क स्वेटर शोधत होते. बंगळूरला ही माझी दुसरी खेप. टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला प्रयत्न दोन महिन्यांपूर्वी फसला होता. पुन्हा आशा धरायची की नाद सोडायचा, एवढंच डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं.

आम्ही दोघं उतरलो ह्यांच्या चुलतबहिणीकडे, गिरिजाअक्कांकडे. त्यांच्या सासरचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. "स्वल्प (थोडी) कॉफी घे, मग आंघोळ," म्हणत त्यांनी पेला हातात दिला. जेवायला मुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे) होते. ते सारात बुडवून नुसते गिळायचे असतात. मी शहाणी चावत बसले, तर टाळ्याला चिकटले आणि सगळे हसले.

दुपारी रिक्षावाल्यानं आम्हाला भलत्याच प्रसूतिगृहापुढे उतरवलं. बायकांचा दवाखाना म्हणजे त्याच्या लेखी तोच. आत बाकावर सगळ्या पोटुशा. मी तडक बाहेर आले, गुलमोहरांच्या सावलीतून दोन गल्ल्या चालत योग्य दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई हिंदीत बोलत. फाईल चाळून त्यांनी मागच्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट मागितला. गर्भ राहिला का, ती तपासणी आम्ही केलीच नव्हती. हे तेव्हा सोलापूरला परतले होते, मी अक्कांकडे विश्रांतीला होते. गर्भ आत सोडल्यापासून दहाव्या दिवशी कपड्यावर डाग दिसला. संपलं, असं म्हणून मी चटई उचलली आणि बाजूला बसले. गर्भ टिकण्यासाठीची उरलेली दोन इंजेक्शनं स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, देवांच्या शेजारी. तिथं शिवायचं कसं? टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना मी दारातूनच परत पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग प्रयत्न फसला, हे ठरवलं कुणी?"

"मीच," मी म्हणाले. "नंतर पाळी आलीच की."

"औषध थांबवल्यावर ती येणारच होती."

थोडा डाग गर्भ राहिला असतानाही दिसू शकतो, त्या सांगत होत्या. कदाचित राहिलाही नसेल. तपासणीवाचून आता कुणालाच कळणार नाही. एकदा फसलं म्हणून दार बंद होत नाही, दुसऱ्या खेपेला पुष्कळजणींना राहतो, काहींना नाही, वचन मात्र कुणी देऊ शकत नाही. जे ऐकायला एवढ्या लांब आले होते ते त्या बोलल्या, आणि मला धड ऐकूच आलं नाही. ह्यांनीच पुढची तारीख लिहून घेतली.

घरी आल्यावर अक्कांना सांगितलं. "माझ्या घरात झालं गं हे," म्हणत त्या रडायला लागल्या. मला रागवायला कुणीतरी हवं होतं, पण त्यांच्यावर रागावणार कशी? बाजूला बस, असं त्या एका शब्दानंही म्हणाल्या नव्हत्या. मी शिकलेली बाई, पण बाराव्या वर्षापासून अंगात मुरलेलं, कुणी सांगायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो. हिंदूपूरला ह्यांनी पाणी हवंय का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. मूल राहिलं नाही, हे दुःख मी दोन महिने सोसत आले होते. राहिलं होतं आणि मीच उठून बाजूला बसले, असं तर नसेल? हे आता जन्मभर कुणाला विचारायचं?