चष्म्याचा नंबर किती?

काल ताईला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले आणि मुलाच्या आत्याने नेहमीचा प्रश्न टाकला, "चष्म्याचा नंबर किती गं?"

ताईने तोंड उघडायच्या आत मुलगाच बोलायला लागला. तो नॅनोटेक्नॉलॉजीत काम करतो. म्हणाला, असे सूक्ष्म कण बनवतायत, त्यांचे थेंब डोळ्यात घातले की चष्मा गेलाच, पुढे तर अंधारातही दिसेल. मी तर ऐकतच राहिले. चष्मा मलाही आहे, मला ते थेंब लगेच हवे होते.

"बरंच झालं की," आत्या ताईला म्हणाल्या. "मग आले की घालून घे हो, बाळा."

इथे मला कसंतरीच झालं. थेंब अजून बाजारात आलेले नाहीत आणि त्यांची अट आमच्या हॉलमध्ये येऊन बसलीसुद्धा. म्हणजे उद्या बायोडेटात रंग, उंची आणि त्याखाली 'कण घातलेले आहेत' असं लिहायचं? ज्यांना परवडणार नाही त्यांच्या मुलींना काय म्हणणार, नुसत्याच डोळ्यांच्या? आणि हे डोळ्यांवर थोडंच थांबणार आहे. मग स्मरणशक्तीचे कण येतील, मग झोपेची गरजच न उरण्याचे, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी गोड आवाजात म्हणेल, घालून घे हो.

"आणि मला नको असतील तर?" ताईने मुलाला शांतपणे विचारलं.

इतका वेळ भरभरून बोलणारा तो, उत्तर द्यायच्या आधी आत्याकडे बघायला लागला.

ताई उठली आणि रिकाम्या बशा गोळा करू लागली.