मीनाला थेट सांगणारा हवा होता

"रेवाले घ्यायला विमानतळावर तू जा. पण घरी येईपर्यंत तिले काही सांगू नको," विजयभाऊ फोनवर म्हणाले. त्यांची बायको मीना, माझी शाळेपासूनची मैत्रीण, त्या दिवशी सकाळीच गेली होती. पुण्याहून निघालेल्या लेकीला मात्र 'आई आयसीयूत आहे, लवकर ये' एवढंच कळवलं होतं. आपल्याकडे असंच करतात. मी हो म्हटलं खरं, पण गाडीत बसल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता... राहून राहून उरल्याच्या कारखान्यातली ती गोष्ट आठवत होती.

इथे हिंदी मुलखात, आमच्या शहरातल्या समता कॉलोनीत मीनाचं भाषांतराचं छोटं ऑफिस होतं. मार्कशीट, प्रतिज्ञापत्रं, असलीच कामं. एकदा उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमधून बोलावणं आलं. मशीन इटलीचं, ते बसवणारा फिटर फक्त इटालियन बोलणारा. पॅनल जोडायला आलेला इलेक्ट्रिशियन एस्टोनियाचा, त्याला इंग्रजीही धड येईना. मिलवाल्यांनी फोनवर दोन माणसं लावून दिली होती. एक इटालियनचं इंग्रजी करायचा, दुसरा त्या इंग्रजीचं एस्टोनियन. चाचणीच्या वेळी फिटर ओरडला, माणसं बाजूला होईस्तोवर बटणाला हात लावू नकोस! दोन तोंडांतून फिरून पलीकडे पोचलं ते 'कृपया जरा सांभाळून'. इलेक्ट्रिशियननं बटण दाबलं आणि लालभडक सळई एका मजुराच्या कानाजवळून गेली.

"चलता है दीदी, बच गया ना," मॅनेजर म्हणाला. मीना अशी भडकली म्हणता! घरी येऊन मला म्हणाली, "मधला माणूस गोड करूनच सांगते. लग्न जमवतानी पाह्यलं नाही का तू? मले दोन्ही भाषा येणारा एकच माणूस पाह्यजे."

मग तिला ना जेवण सुचे ना झोप. जगभर मेल पाठवले. कोणी म्हणे, आम्ही फक्त कागद भाषांतरित करतो, समोरासमोर बोलायचं काम वेगळं. जे तयार झाले त्यांची तिनं व्हिडिओवर परीक्षा घेतली. स्वतःला दोन्हींतलं अक्षर कळत नव्हतं, तरी! फिटरला ओरडायला लावायचं आणि आपण इलेक्ट्रिशियनकडे बघत राहायचं. पहिल्या दोघांच्या वेळी तो हसून मान डोलवत बसला. मीनानं फोन बंद केला.

"अवं, बिचाऱ्यायनं बराबर सांगतलं असन," मी म्हटलं.

"मंग तो उठला काहून नाही?"

शेवटी कोर्टात दुभाष्याचं काम करणारी, एस्टोनियातल्या ताल्लिनची एक बाई सापडली. फिटर ओरडला तशीच ती ओरडली आणि तो इलेक्ट्रिशियन बाप्या खुर्ची पाडून उभा राहिला. "हव! हेच पाह्यजे," म्हणत मीनानं टाळी वाजवली. त्यानंतर मिल सुरू झाली, कोणाला साधं खरचटलंही नाही.

रेवा बाहेर आली ती पळतच. "मावशी, मम्मी ठीक तो है ना? फोन पे कोई सीधा बोल ही नहीं रहा."

'होईल ठीक' हे शब्द अगदी ओठांवर आले होते...

"नाही बेटा. सकाळीच गेली."

ती बॅगेवरच बसली आणि मोठ्यानं रडली. मीही तिथेच फरशीवर बसले. लोक बघत होते, बघू देत.

विजयभाऊ अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, वाटेत पोर कशी सावरेल ही धास्ती होती त्यांना. रेवा मात्र हल्ली रोज पुण्याहून फोन करते. "मावशी, कैसी हो? सही-सही बताना."

आणि मी सांगते, "करमत नाही वं पोरी. काही केल्या करमत नाही."