बंद घराची तिसरी फेरी

भिसेगाव, कर्जत
रविवार, ८ फेब्रुवारी

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळास,

सप्रेम नमस्कार. आपली तीन पत्रं आली, दोनदा फोन आला, तरी मी गप्प राहिले. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. बाकी सगळ्यांचे लेख दिवाळीआधीच पोचले असं कळलं. माझाही दोनदा लिहून झाला होता. दोन्ही वेळा वाचून पाहिला आणि फाडला. त्यात खोटं असं काही लिहिलं नव्हतं, पण एक गोष्ट सोडून दिली होती, आणि ती सोडली की बाकीचं सगळंच पोकळ वाटत होतं.

त्यात डॉ. रोकडे बाईंची अटही होतीच. "पंचाहत्तरीचा ग्रंथ काढताय तर काढा. पण माझ्यामुळे वस्तीचं आरोग्य सुधारलं, असं एकाही लेखात नको. तसं झालेलं नाही."

डॉ. सुशीला रोकडे यांना मी प्रथम भेटले तेव्हा चोवीस वर्षांची होते, बी.ए. होऊन घरी बसलेली. खोपोलीत घरोघरी जाऊन रक्तदाब मोजायला माणसं हवी आहेत, एवढं कानावर आलं म्हणून गेले. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. बाई स्टुलावर चढून बल्ब बदलत होत्या. वरूनच त्यांनी विचारलं, "स्टेशनवरून चालत आलीस ना? वाटेत किती घरांना कुलूप होतं?"

"लक्ष नाही दिलं."

"मग उद्या लक्ष देऊन ये."

एवढीच मुलाखत. दुसऱ्या दिवशी मी मोजून गेले. "यातले कामावर किती, गावी गेलेले किती, आणि आत झोपून असलेले किती?" बाईंनी विचारलं. "आपल्याला तेच शोधायचंय," असं म्हणून त्यांनी फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

बाई मूळच्या खालापूर तालुक्यातल्या. गावच्या बौद्धवाडीतून डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या. बरोबरचे लोक मुंबईला गेले, मोठमोठ्या इस्पितळांत रमले. बाई या दोन खोल्यांत राहिल्या आणि इथेच त्यांनी संशोधन केलं. त्यांचा प्रश्न साधा होता: दवाखान्यापर्यंत कोण पोचत नाही आणि का? नेरळच्या नव्या इमारतींमध्ये आणि खोपोलीच्या वस्तीत त्यांनी उच्च रक्तदाब हा एकच आजार तपासला. इमारतीत तो नेहमीच्या तपासणीत सापडायचा. वस्तीत तो सापडायचा माणूस कोसळल्यावर.

म्हणून त्यांचा नियम होता तिसऱ्या फेरीचा. घराला कुलूप दिसलं तर पुन्हा जायचं, तेही वेगळ्या वेळी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, अशा तीन फेऱ्या झाल्याशिवाय फॉर्मवर 'कुलूप' लिहायचं नाही. "जो घरी सापडतो त्याला आपली गरज कमी असते," त्या म्हणत. "कामावरून ज्याला सुटका नाही, तो आपल्या आकड्यांतूनही सुटतो."

दुसऱ्याला सांगितलेला नियम त्यांनी स्वतःलाही लावला. कारखान्यात साफसफाईला जाणाऱ्या बायकांना दिवसा दवाखान्यात येणं जमत नाही, हे कळल्यावर त्यांनी दवाखाना पहाटे साडेपाचला उघडायला सुरुवात केली. पहिल्या पाळीच्या बायका डबा घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एकदा त्यातली एक म्हणाली, "बाई, तुमी झोपता तरी कधी?"

"तू गोळी वेळेवर घेतेस तेव्हा."

"मंग तुमी जाग्याच र्‍हाता म्हना की!"

सगळी रांग हसली. बाई सर्वांत मोठ्यांदा हसल्या, आणि मग तिच्याच दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "हस आता. आकडा बघून रडशील."

आता ती सोडून दिलेली गोष्ट.

बाईंनी एक अहवाल पुण्याच्या परिषदेत मांडायच्या आदल्या आठवड्यात मागे घेतला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यात नंतर जोडलेली ओळही आपल्या वाचनात आली असेल: 'क्षेत्रभेटींतील चूक मुख्य संशोधकाची आहे.' या ग्रंथातल्या एका लेखात तर बाईंच्या या प्रांजळपणाचा गौरव केला आहे, असं आपणच मला फोनवर सांगितलंत. गौरव योग्यच आहे. चूक मात्र त्यांची नव्हती. ती माझी होती, आणि तिला चूक म्हणणंही सौम्य आहे.

वस्तीतल्या शेवटच्या आळीत एका घराला मी दोनदा कुलूप पाहिलं होतं, सकाळी आणि दुपारी. तिसरी फेरी संध्याकाळी सहाची. त्या दिवशी माझे पाय दुखत होते आणि कर्जतची गाडी समोर उभी होती. याहून मोठं कारण नव्हतं. मी गाडीत बसले आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहिलं: 'सायंकाळी ६, कुलूप.'

चार महिन्यांनी शेजारच्या लोकांनी त्या घरातल्या लताला चादरीत घालून दवाखान्यात आणलं. वय माझ्याएवढंच. तोंड वाकडं झालेलं, डावी बाजू गेलेली. बाईंनी रक्तदाब पाहिला आणि लगेच गाडी मागवली. लताची शेजारीण मला ओळखत होती. "ताई, तुमी तर आमच्या आळीत मशीन घेऊन फिरत व्हता ना गं? हिच्याकडं कशा नाय गेलात?"

"घर बंद होतं."

"दिवसाचं बंदच असतंय. सांजच्याला ती घरीच असती की!"

बाईंनी हे ऐकलं. लताला मोठ्या इस्पितळात पाठवल्यावर त्यांनी गठ्ठ्यातून तो फॉर्म काढला आणि बराच वेळ पाहिला. मग माझ्यापुढे ठेवला. मी म्हणाले, "मला काढून टाका."

"तुला काढलं तर तुझ्या जागी दुसरी येईल. तिचेही पाय दुखतील." त्यांनी चपला घातल्या. "चल. कुलूप लिहिलेली सगळी घरं पुन्हा करायची आहेत."

तेव्हा बाईंची साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते. तरी पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याबरोबर आळ्यांमधून फिरल्या. त्या मला एकदाही रागावल्या नाहीत, आणि त्यांनी धीरही दिला नाही. अहवालात ती ओळ घालताना एवढंच म्हणाल्या, "फेऱ्या तपासणं माझं काम होतं." यंदा लेखाचा विषय निघाल्यावर त्यांनी मला बजावलं, "ते तुझं म्हणून लिहू नकोस." त्या फॉर्मनंतर इतक्या वर्षांत त्यांचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ.

गौरवलेखात यापुढे फळ सांगतात. मला ते सापडत नाही. नेरळला इमारतींची उंची वाढत चालली आहे. तिथल्या घराघरांत रक्तदाबाचं मशीन असतं. खोपोलीच्या त्या आळीत आता नवे भाडेकरू आहेत, तशाच कंत्राटी कामावर जाणारे, आणि दारांना तशीच कुलपं. बाईंची दृष्टी अधू झाली आहे. दवाखाना चालवायला दोन तरुण डॉक्टर येऊन पाहून गेले, परत आले नाहीत. पावसाळ्यापूर्वी दवाखाना बंद होईल. परवा बाई म्हणाल्या, "आयुष्यभर मोजत राहिले गं. मोजून कुणाचा रक्तदाब उतरत नाही." काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. पण त्यांना खोटं सांगण्याची माझी एक वेळ होऊन गेली आहे.

हा लेख पाठवण्याआधी लताला विचारायला हवं होतं. काल गेले. ती खाटेवर बसून उजव्या हाताने लसूण सोलत होती. फॉर्मवर मी काय लिहिलं होतं, ते तिला पहिल्यांदाच सांगितलं. ती थोडा वेळ सोलत राहिली.

"सहाला मी घरीच व्हती," ती म्हणाली. "भाकऱ्या थापत व्हती. तुमी कडी वाजवली असती तर मी दार उघडलं असतं."

मी खाटेवरची लसणाची सालं गोळा करू लागले. मग तीच म्हणाली, "लिवा काय ते. पन माझा फोटू नका टाकू. तोंड वाकडं दिसतंय." आणि निघताना, "बाईंना सांगा, गोळी चालू हाय."

पंचाहत्तरीनिमित्त दीर्घायुष्य चिंतायचं, तर हात अडखळतो. कुणाला किती आयुष्य लाभेल ते तो कुठल्या आळीत राहतो यावर ठरतं, हे बाईंनीच आम्हाला दाखवलं. तरीही मागते. बाईंना आणखी पुष्कळ वर्षं मिळोत, त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना साथ देवोत. आणि तेवढीच वर्षं लतालाही मिळोत. एकटीसाठी मागितलेलं बाई घेणार नाहीत.

लेखाला उशीर झाला आहे. छापला नाहीत तरी चालेल. अहवालातल्या त्या ओळीची दुरुस्ती मात्र छापा, माझ्या नावासकट.

काल सकाळी परतताना लताच्या शेजारचं घर पाहिलं. नवे भाडेकरू, कुलूप. आज दुपारी पुन्हा जाऊन आले, तेव्हाही कुलूपच होतं.

उद्या: त्या घराची तिसरी फेरी, संध्याकाळी सहा.