अस्वलापाशी थांबलेली गोष्ट

चिखल्याच्या खाण कामगारांच्या वसाहतीत यादोराव मेश्रामांना कुणी कधी काही विचारत नसे. विचारायची गरजच पडत नसे. तुम्ही नुसतं "जयभीम, काका" म्हणून सायकल पुढं काढलीत, तरी ते मागून कॅरिअर धरत आणि म्हणत, "थांब गा, सायकलवरून याद आली..." मग तुमचा दळणाचा डबा कॅरिअरवर तसाच राही आणि अस्वलाची गोष्ट सुरू होई.

गोष्ट तशी खरी. यादोरावांचा खाणीतला जोडीदार चंद्रकुमार रात्रपाळीला निघाला होता. जंगलाच्या वळणावर अस्वल आडवं आलं. चंद्रकुमारनं सायकल टाकली आणि मोहाच्या झाडावर चढला. अस्वलाला आपल्यापेक्षा चांगलं चढता येतं, हे त्याला शेंड्यावर पोचल्यावर आठवलं. पण अस्वलाचं लक्ष चंद्रकुमारकडं नव्हतंच. त्यानं हँडलला टांगलेला डबा काढला, दगडावर आपटून उघडला, भात खाल्ला आणि मग लाल मिरचीच्या चटणीत पंजा घातला. इथं यादोराव स्वतःच अस्वल होत. जीभ बाहेर काढून, डोळे गरागरा फिरवून असं "हाऽऽऽ" करत की ऐकणारा हसून हसून दळण विसरे. वसाहतीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. अस्वल मात्र दरवर्षी थोडं मोठं होत होतं.

"माह्या लग्नापासून पाहून राहिली," त्यांची बायको बायजाबाई म्हणायची, "या माणसाले अजून कोणी 'पुढं काय झालं' असं इचारलं नाही. इचाराले जागा तं सोडली पाहिजे ना!"

पण हाच माणूस खाणीत उतरला की मुका होई. जमिनीखाली सुरुंग उडाला, धूळ बसली, की कुणीही आत पाऊल टाकायच्या आधी एक जाणता माणूस लांब सब्बल, म्हणजे पहार, घेऊन पुढं जातो आणि वरचं छत ठोकून पाहतो. दगड भक्कम असला तर टण्ण वाजतो. सुटलेला असला तर भद्द असा पोकळ आवाज येतो, आणि तो दगड आधी पाडावा लागतो. हे काम यादोरावांकडं होतं. ते छत ठोकत तेव्हा मागं उभी असलेली माणसं खोकलासुद्धा दाबून धरत. चंद्रकुमार म्हणायचा, "यादो खाली गप्प राह्यते आन् वर आला का त्याची वसुली करते."

निवृत्त झाल्यावर वसुलीला अख्खा दिवस मोकळा मिळाला. आणि ऐकायला एक हक्काचं माणूस मिळालं, ते म्हणजे गुड्डी.

गुड्डी ही त्यांची नात, मुलगा अंकुश आणि सून रत्नमाला यांची. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिची बुद्धीची वाढ सावकाश होईल. चालणं, बोलणं, सगळं उशिरा येईल, आणि काही गोष्टी कदाचित येणारही नाहीत. अंकुश मॅंगनीजचे ट्रक चालवायचा. हे ऐकून तो दोन दिवस ट्रकवर गेला नाही. शेजारपाजारचे म्हणाले, "अवो, आमच्या आत्याचा पोरगाही पाच वर्साचा होऊन बोलला. आता ग्रामसभेत त्याले गप्प करा लागते."  यादोरावांनी मात्र पोरीला मांडीवर घेतलं आणि अस्वलाची गोष्ट सांगायला लागले.

तेव्हापासून गुड्डी त्यांच्या मांडीवरून फारशी उतरलीच नाही. तिला शब्द नव्हते, पण यादोरावांना ते लागतही नव्हते. तिची नजर माठाकडं वळायच्या आत पाण्याचा गिलास तिच्या ओठाला लागलेला असे. मुरमुऱ्यांच्या डब्याकडं ती बघते न बघते तोच मूठ भरून पुढं येई. घरी कुणी आलं की ते अभिमानानं सांगत, "माह्या नातीले मांगाच लागत नाही. तिच्या पोटातलं मले इथं समजते," आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवत.

मग गुड्डी अंगणवाडीच्या वयाला आली त्या वर्षीचा मे महिना आला. रत्नमालाच्या भावाचं लग्न सिहोऱ्याला होतं. यादोरावांचा गुडघा सुजला होता म्हणून ते घरीच राहिले. लग्नघरात गुड्डीचे फार लाड झाले. ती या कडेवरून त्या कडेवर गेली, कुणी लाडू भरवला, कुणी शेव. पाणी कुणी दिलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं दिलं असेल. पोरगी रडली नाही, हात पुढं केला नाही. मांडवात पाण्याचा ड्रम होता, त्याच्याजवळ बसून ती दुपारभर नुसती बघत राहिली. संध्याकाळी रत्नमालानं उचललं तेव्हा ओठ सुकलेले आणि मान खांद्यावर पडलेली. तुमसरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "समोर पाणी होतं, मग हिनं मागितलं का नाही?"

 घरी आल्यावर रत्नमालानं तोच प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला. यादोराव पहिल्यांदाच कुठली गोष्ट न काढता उठून परसात गेले.

"मामाजी," रत्नमाला सासऱ्यांच्या मागं जाऊन म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून नाही राहिली. पण उद्या तुम्ही नसान, मी नसीन, तवा हिच्या डोळ्यातलं कोण वाचन? हिले अंगणवाडीत टाकाचं आहे मले. तिथं हिले पाणी तरी मांगता आलं पाहिजे ना."

वसाहतीत आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं तिला तुमसरच्या एका संस्थेचं सांगितलं. तिथल्या स्वाती मॅडम दर बुधवारी वसाहतीच्या समाजमंदिरात येत. अशाच सावकाश वाढणाऱ्या लहान लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन बसत. लेकरांशी खेळत थोडं, आणि आईबापांना शिकवत जास्त. पहिल्या बुधवारी रत्नमालासोबत यादोरावही गेले. मॅडमनी गुड्डीसमोर झाकण घट्ट लावलेला मुरमुऱ्यांचा डबा ठेवला आणि गप्प बसल्या. गुड्डीनं डब्याकडं पाहिलं. यादोरावांनी झाकण उघडलं.

मॅडमनी ते परत लावलं. गुड्डीनं पाहिलं. यादोरावांनी परत उघडलं.

"काका, तुम्ही जरा हात मागं बांधता का?" मॅडम हसून म्हणाल्या.

यादोरावांनी हात मागं बांधले. "मुरमुरे पाहिजे काय, माय? हे घे, मॅडम देऊन राहिल्या. मुरमुऱ्यावरून याद आली, मॅडम, आमच्या खाणीत एक टेकचंद होता..."

टेकचंदची गोष्ट संपेपर्यंत गुड्डी झोपली.

मॅडमनी गोष्ट पूर्ण ऐकली, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाल्या, "काका, तुमचा तिच्यावर किती जीव आहे ते दिसतंच आहे. पण तिला काही हवंसं वाटतं आणि ते मिळतं, यांच्यामध्ये जागाच उरत नाही. मागायचं ते त्या जागेत शिकतात लेकरं. तुम्ही एक वाक्य बोला, मग थांबा. तिच्याकडं पाहत थांबा. ती बोट करेल, हात ओढेल, आवाज काढेल. काहीही करू द्या. मग द्या."

"आन् तिनं काहीच नाही केलं तं?"

"तर अजून थोडं थांबा."

यादोरावांना हे लागलं. घरी येऊन ते बायजाबाईला म्हणाले, "म्हंजे काय, पोरीले तरसवू मी? तहानलेलं लेकरू समोर बसलं आन् मी पाहत राहू?"

बायजाबाई तांदूळ निवडत होती. "सिहोऱ्याले ती तहानलेलीच बसली होती, अंकुशचे बाबा," ती म्हणाली आणि खडा काढून बाजूला टाकला.

त्यानंतर यादोरावांनी मनापासून प्रयत्न केला, हे मात्र खरं. पाण्याचा गिलास हातात धरून ते गुड्डीसमोर बसत. गुड्डी गिलासाकडं बघे, मग आजोबांकडं बघे, मग परत गिलासाकडं. आणि यादोरावांच्या हातातला गिलास आपोआप पुढं जाई. तोंडाचं तर विचारूच नका. गप्प राहायचं ठरवलं की जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना तेव्हाच आठवत. एका बुधवारी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मी तंबाखूचा खर्रा सोडला होता. परत सुरू करू काय? तोंड भरून राह्यलं का माणूस गप्प बसते."

"खबरदार," बायजाबाई मागून म्हणाली. ती आता बुधवारी मुद्दाम येऊ लागली होती.

पावसाळा सरला, तरी गुड्डी काही मागेना. रत्नमालाचं तोंड उतरत चाललं. अंगणवाडीचा विषय काढणं तिनं सोडलं. एकदा रात्रीच्या जेवणाला बसताना ती अंकुशला म्हणाली, "असूदे. मीच राहीन हिच्याजवळ, जमन तवरोक." ते यादोरावांनी ऐकलं. ताटातला भात तसाच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, गुड्डीला घेऊन बसले होते. समोर रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उडाली आणि सावकाश खाली बसू लागली. ती बसताना बघून यादोरावांना एकदम खाण आठवली. सुरुंगानंतरची ती धूळ, हातातली सब्बल, मागं श्वास धरून उभी असलेली माणसं. तेव्हा आपण गप्प कसे राहत होतो? तेव्हा तर कुणी सांगत नव्हतं. त्यांना उमगलं ते एवढंच की तेव्हा ते गप्प बसत नव्हते, ते ऐकत होते. आतून काय आवाज येतो, याच्यावर त्यांचा सगळा जीव गोळा झालेला असे. बोलायला जीव उरतच नसे.

गुड्डीनं मांडीवर चुळबुळ केली. ही तिची अस्वलाची वेळ. यादोरावांनी गोष्ट सुरू केली, पण आज सावकाश. चंद्रकुमार झाडावर चढला. अस्वलानं डबा उघडलन. भात खाल्लन. मग चटणीत पंजा घातलन, आन्...

आणि ते थांबले.

गुड्डीनं वर पाहिलं. यादोराव तिच्याकडं बघत राहिले, छताकडं बघायचे तसे. बाहेर कुठंतरी कोंबडी ओरडली. आत रत्नमाला भांडी घासत होती, तिचा हात थांबला, कारण सपरीतून येणारा मामाजींचा आवाज बंद झाला होता, आणि असं या घरात कधी होत नव्हतं. काही झालं की काय म्हणून ती ओल्या हातानं दारात आली.

गुड्डीच्या कपाळाला आठी पडली. तिनं आजोबांच्या तोंडाकडं पाहिलं, वाट पाहिली. काही येईना. मग तिनं हात वर केला आणि दोन बोटांनी त्यांच्या ओठांवर मारलं. एकदा. मग जोरात परत.

"हाऽऽऽ!" यादोराव जीभ काढून ओरडले. डोळे फिरवले तेव्हा त्यांतून पाणी गळत होतं, आणि गुड्डी खदखदून हसत होती.

"मामाजी, तिनं मांगलन!" रत्नमाला दारातच बसली. "तिनं मांगलन जी!"

बुधवारी स्वाती मॅडमनी ते ऐकलं तेव्हा आधी त्यांनी गुड्डीच्या पाठीवर थाप दिली. "आपण पाणी पाणी करत बसलो, आणि हिला हवं होतं अस्वल. ते ओठांवर बोट मारणं हिचं स्वतःचं आहे, ते मोडू नका. आता त्याच बोटांनी पाणी मागेल."

तसं ते सरळ झालं नाही. आधी मुरमुरे आले, मग कडेवर घे, मग सायकलची घंटी वाजव. पाणी सगळ्यात शेवटी आलं, कारण तिथं यादोरावांचा हात अजूनही घाई करी. पण तेही आलं. आजोबांच्या ओठांवर बोटं मारायची आणि माठावर थाप द्यायची. मग बायजाबाईजवळ, मग अंकुशजवळ. प्रश्न उरला परक्या माणसाचा.

थंडी पडल्यावर रत्नमालानं एका सकाळी गुड्डीला नवा फ्रॉक घातला आणि अंगणवाडीत नेलं. शिक्षिका आणि मदतनीस दुर्गाबाई, दोघींनाही सगळं समजावून सांगितलं होतं. फक्त गुड्डीच्या बोटांबद्दल काही सांगायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं होतं. "तिलाच सांगू द्या." पहिल्या दिवशी रत्नमालाचं काळीज थाऱ्यावर नव्हतं, म्हणून पहाऱ्याचं काम यादोरावांनी घेतलं. अट एकच होती, त्यांनी दिसायचं नाही.

ते मागच्या खिडकीजवळ भिंतीला चिकटून उभे राहिले. आत लेकरांना उसळ वाढली होती, आणि तिच्यात मिरची बरी पडली असावी, कारण गुड्डीनं दोन घास खाऊन जीभ बाहेर काढली, अगदी अस्वलासारखी. मग माठाकडं पाहिलं. यादोरावांना छातीत ते समजलं, नेहमी समजायचं तसंच. मग तिनं दाराकडं पाहिलं. ती त्यांना शोधत होती.

यादोरावांनी मान मागं घेतली. डोळे मिटून घेतले आणि भिंतीला कान लावला. आत लेकरांचा कालवा होता. त्यात गुड्डीचा काही आवाज नाही. सिहोऱ्याचा तो मांडव, तो ड्रम त्यांच्या डोळ्यांपुढं आला. पाय दाराकडं वळले होते. ते त्यांनी तिथंच रोवून धरले.

मग दुर्गाबाईंचा आवाज आला.

"अवो माय! माह्या तोंडावर काहून मारतेस? मी का बिघडवलं तुहं? ... थांब, साडी नको ओढू, पडीन ना मी. कुठं नेऊन राहिली मले? ... काय? माठ? पाणी पाहिजे काय तुले?"

माठाच्या झाकणावर स्टीलचा गिलास आपटला. टण्ण असा भरीव आवाज आला.

यादोराव बराच वेळ तसेच कान लावून उभे राहिले. मग घराकडं निघाले. वाटेत सायकलवरून चंद्रकुमार भेटला, जयभीम म्हणाला. यादोरावांनी जयभीम केलं आणि कॅरिअर न धरता पुढं गेले. चंद्रकुमार सायकल थांबवून मागं बघत राहिला.

घरी बायजाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. रत्नमाला उंबऱ्यात उभी होती, सकाळपासून तिथंच असावी.

"दुर्गाबाईले पाणी मांगलन पोरीनं," यादोराव म्हणाले आणि खाली बसले.

पुढं काहीच बोलले नाहीत. सूप थांबलं. रत्नमाला पदर तोंडाशी धरून उभी. बायजाबाईनं वाट पाहिली, अजून थोडी पाहिली, आणि मग तिला राहवेना.

"आन् मंग? सांगा ना जी! पुढं काय झालं?"

यादोरावांनी तिच्याकडं पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, मांडीवर ठेवली.

"आता असं झालं," ते म्हणाले, "का उसळीत मिरची होती..."