अलोणगडाच्या खिंडीतल्या कुमुदताई

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "नक्की गेल्या का? नीट पाह्यलं का कोणी?" पलीकडून त्यांचा मुलगा, बिचारा, सावंगीच्या दवाखान्यातून बोलत होता. माझ्या सुनेनं, वैशालीनं, माझ्या हातातून फोन काढून घेतला. आता कोणालाही वाटेल, काय ही बाई! पण माझाही इलाज नव्हता. कुमुदताई म्हणजे माझी नणंद, आणि गेली काही वर्षं आम्ही दोघी मिळून एका देशाचा इतिहास लिहीत होतो. त्या इतिहासात त्यांनी एका म्हाताऱ्या प्रधानाला दोनदा मारून दोनदा परत आणलं होतं. कशाला, तर कोण रडतं आणि कोण त्याच्या हवेलीची वाटणी मागतं ते बघायला. अशा बाईच्या मरणाच्या बातमीवर मी झटकन विश्वास ठेवू तरी कसा?

देश म्हटल्यावर दचकू नका. तो पृथ्वीवर कुठंही नाही. माझी नात ऋचा आणि तिची मित्रमंडळी इंटरनेटवर एक खेळ खेळतात, त्या खेळात तो आहे. प्रत्येक गटाला एकेक देश मिळतो, मग लढाया, तह, खाणी, धान्याची कोठारं, सगळा संसार. ऋचाच्या गटाच्या वाट्याला आलेल्या देशाला समुद्र नव्हता, म्हणून मीठही नव्हतं. आणि त्या खेळाची रीत अशी, की ज्याला स्वतःचा इतिहास नाही त्याच्याशी बाकीचे धड तहसुद्धा करत नाहीत. (लग्न जमवताना आपल्याकडे घराणं विचारतात, तसंच म्हणा.) पोरांनी स्वतः लिहून पाहिलं, पण एकानं लिहिलं की दुसरा खोडायचा. शेवटी ऋचानं नागपूरहून आत्याआजीला साकडं घातलं, कारण लहानपणी गोष्टी सांगून तिला झोपवायचं काम त्यांचंच होतं. यजमान गेल्यावर कुमुदताई हिंगणघाट सोडून सेलूला आमच्याच गल्लीत येऊन राहिल्या होत्या. त्या अळणी देशाला त्यांनी नाव दिलं अलोणगड, आणि कामाला लागल्या.

मला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की दुपारची जेवणं झाली की कुमुदताई आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसतात, बडीशेप चघळतात, फोन कानाला लावतात आणि आवाज खाली आणतात. "खाण आपल्याकडंच ठेवजो." ... "त्याच्यावर भरोसा नको करू, तो मांगून येईन." ... "आधी सही घे, मंग दार उघड." माझी खात्री पटली, की ही बाई माझ्या भोळ्या नातीला हाताशी धरून आमचं केळझरच्या वाटेवरचं वावर कोणाच्या तरी घशात घालते आहे. मी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन दाराआड निवडत बसू लागले. ती एक जुडी मला बरेच दिवस पुरली. एका दुपारी आतून आवाज आला, "वहिनी, दाराआडून नीट ऐकू येत नाई. समोर येऊन बस. आन तो सांबार फेक आता, त्याचं गवत झालं." ऋचा फोनवर खो-खो हसत होती. अशा रीतीनं मी अलोणगडाची दुसरी इतिहासकार झाले. मनात मात्र हेतू वेगळा होता. आत राहून लक्ष ठेवायचं!

लक्ष ठेवायची सवय मला जुनी आहे. आर्वीहून नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा मी काय चीज होते, ते आठवलं की मलाच हसू फुटतं. डोक्यावरून पदर, खाली मान, आणि त्या पदराच्या आतून दोन डोळे पोलिसासारखे फिरताहेत! घरचं किराणा दुकान, माणसांचा राबता, आणि सासूबाईंच्या वरणाचं सगळ्या बाजारओळीत नाव. कोणाकडे पंगत असली की त्यांना चवीला बोलावणं यायचं. बाई उंचीला माझ्याएवढ्याच, म्हणजे बुटक्या, पण त्या वरणाच्या जोरावर सासऱ्यांपुढेही ताठ उभ्या राहायच्या. वर्षभरात वरणाचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं, आणि माझं वरण खारट निघू लागलं. रोज नाही, अधूनमधून. म्हणजे जास्तच वाईट. मी स्वतः चाखून उतरवलेलं वरण पानात वाढेपर्यंत समुद्राचं पाणी व्हायचं. मी मान खाली घालून हिशेब मांडला. सासूबाई तर मला शिकवताहेत, पुरुष चुलीपाशी येत नाहीत, मग उरलं कोण? लग्न व्हायची राहिलेली, उंचच उंच, मोठमोठ्यानं हसणारी माझी नणंद.

मी सापळा लावला. मिठाच्या बरणीत खडे सारखे करून वर पळीनं फुली काढून ठेवली. संध्याकाळी पाहते तो फुली मोडलेली. सापडली चोर! दुपारच्या कढीसाठी त्याच बरणीतून मीच मीठ काढलं होतं, हे या हुशार नवरीच्या डोक्यात आलंच नाही. दुसरा पुरावा त्याहून पक्का होता. एके सकाळी मिठाची बरणी जागेवर नाही. शोधते तर सगळ्यात वरच्या फळीवर, जिथं माझा हातच पोचणार नाही. "मीठ कोठं हाय?" मी विचारलं. कुमुदताई म्हणाल्या, "वर हाय. मले सांगत जा, मी काढून देतो." आणि नजर चुकवली. ती चुकवलेली नजर मी मनात जपून ठेवली. माझ्या उंचीची थट्टा, वर मिठावर पहारा, आणि वर मानभावीपणा! मी यांच्याकडे तक्रार केली. यांनी जेवताना सगळ्यांसमोर बहिणीला झापलं, "तिच्या वरणात मीठ काऊन टाकून राह्यली तू?" कुमुदताईंनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, आणि ताटातला भात कालवत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांना चुलीपाशी यायची बंदी झाली. पुढे लवकरच त्यांचं लग्न जमलं. त्या हिंगणघाटला गेल्यावरही माझं वरण कधीकधी खारट व्हायचंच, तेव्हा मी शेजारणीला काय सांगितलं असेल? "सासरी बसून करणी करून राह्यली ती!" हिंगणघाटहून सेलूपर्यंत मीठ फेकणारी नणंद... असं डोकं होतं माझं. मग सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांचं स्वयंपाकघरात येणं थांबलं, आणि वरणही ताळ्यावर आलं. मी म्हटलं, चला, करणी उतरली एकदाची.

तर आता अलोणगडाकडे. ऋचानं आम्हाला एकच नियम घालून दिला होता. एकीनं लिहायचं, दुसरीनं पुढे न्यायचं, मागचं कोणी खोडायचं नाही. आवडलं नाही तर पुढे असं काहीतरी लिहा, की त्याचा रंग बदलेल. शेजारच्या समुद्रकाठच्या राज्याशी आपलं वैर का, हे खेळासाठी सांगणं गरजेचं होतं. पाळी कुमुदताईंची. त्यांनी लिहिलं, की समुद्रकाठच्या राज्यातून एक बुटकी राणी अलोणगडात लग्न होऊन आली. मीठ तिथं सोन्याच्या मोलाचं, कुलपात ठेवलेलं. आणि त्या राणीच्या हातचं कालवण रोज खारट होऊ लागलं. कोणीतरी राज्याचं मीठ उधळत होतं. कोण? एवढं लिहून त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "घे वहिनी. तुही पाळी."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. इतक्या वर्षांनी, पाच-पन्नास परक्या पोरांसमोर, माझं वरण! मला वाटलं, ही मला डिवचते आहे. मीही काही कमी नव्हते. लिहून टाकलं, की राजाची बहीण रंगेहाथ सापडली आणि तिला हद्दीवरच्या खिंडीत हद्दपार केलं. पोरं खूश. गटातला अमरावतीचा एक मुलगा फोनवर सगळे एकत्र बोलत असताना विचारता झाला, "पण आत्याआजी, राजकन्या काहीच बोलत नाही. मीठ तिनं टाकलं नसेल तर ती गप्प काऊन?" कुमुदताई म्हणाल्या, "कोणाचं तरी झाकून राह्यली असन." "पाप झाकत असेल सोताचं!" मी मधेच बोलले. त्यावर त्या इतक्या हसल्या, की ठसका लागून पाणी आणावं लागलं. त्यांच्या पुढच्या पाळीत राजकन्या निमूटपणे खिंडीकडे निघाली. एवढंच, की जाण्याआधी तिनं मिठाचं भांडं वरच्या फळीवर ठेवलं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, पुन्हा माझी उंची! पुढे लढाया झाल्या, तह झाले, मेलेला प्रधान परत आला, पण राजकन्येला दोघींपैकी कोणीच घरी आणलं नाही. मी आणणार नव्हतेच, आणि त्या मागणार नव्हत्या.

त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा भेटीच्या वेळी मी गेले होते. नाकात नळी, हाताला सुई, आणि उशाशी बडीशेपेची पुडी! मला राहवलं नाही. मी खुर्ची जवळ ओढली. "कुमुदताई, आता तरी खरं सांगा. तेव्हा मीठ तुमीच टाकत होत्या ना?" त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, तुही पाळी हाय. कवापासून अडकून पडलं ते. लिही ना." एवढंच. मी घरी येईस्तोवर चिडले होते. मरायला टेकली तरी कबूल करत नाही म्हणजे काय! ती आमची शेवटची भेट.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. अलोणगड तसाच थांबला आहे. फोन उघडला की वर दिसतं, पाळी माझी. मी टाळत होते. रोजच्या कामात मन घालत होते. वैशाली नोकरीला जाते म्हणून सकाळचं वरण अजून मीच करते. गेल्या पंधरवड्यात एकदा मुलगा जेवताना तांब्याभर पाणी प्याला. मी विचारलं, "खारट झालं का?" "नाई आई, मस्त हाय." वैशालीही खाली बघून जेवत होती. दोन दिवसांनी पुन्हा तेच. माझ्यातली जुनी पोलीस उठून बसली. मी तर मीठ मोजून टाकते. मग दुसऱ्यांदा टाकतं कोण? मी सुनेवर नजर ठेवली. ती कुठून येते, कुठं थांबते, बरणीजवळ किती रेंगाळते... आणि परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले तर मिठाची बरणी जागेवर नव्हती.

वरच्या फळीवर होती.

मी खाली उभी राहून त्या बरणीकडे पाहत राहिले. गॅसवर वरण उकळत होतं. त्यात मीठ टाकलं की टाकायचं आहे, हे मला आठवत नव्हतं... आणि मग मला सासूबाई दिसल्या. मी बाहेर गेले की चुलीपाशी येणाऱ्या, सवयीनं हात बरणीत घालणाऱ्या, आणि पुढे काही वर्षांनी मला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागलेल्या. ते विसरणं इतकं आधी सुरू झालं असेल, हे या घरात एकाच मुलीला कळलं होतं. जिच्या वरणाला बाजारओळीत मान होता तिच्या हाताला आता आठवत नाही, हे सासऱ्यांना, भावाला, गावाला कळू नये म्हणून लेकीनं बरणी वर ठेवली. सासूबाई बुटक्या होत्या. मीही बुटकी होते, तो योगायोग. वाटतं, आई गेल्यावर तरी कुमुदताईंनी सांगायचं होतं मला. पण सांगितलं असतं तर मी मानलं असतं का? मी स्वतःला ओळखते. म्हटलं असतं, मेलेल्या आईवर ढकलते आहे.

अजूनही मी शपथेवर सांगणार नाही, की असंच झालं. पुरावा माझ्याकडे नाही. कदाचित ही त्या गोष्टीवेल्हाळ बाईची शेवटची चाल असेल, मला उरलेलं आयुष्य विचार करत बसवण्याची. तसं असलं तरी चाल बेमालूम आहे. त्याच दुपारी मी फोन घेऊन त्यांच्या जागेवर बसले. हद्दपारी मी लिहिलेली होती, आणि मागचं खोडायचं नाही हा नियम. राजकन्येला परत आणणं म्हणजे खोडल्यासारखंच झालं असतं. म्हणून मी लिहिलं, की म्हातारी राणी आपलं गाठोडं घेऊन स्वतःच खिंडीत राहायला गेली. तिथं पोचल्यावर काय झालं ते लिहायचं मी सोडून दिलं आहे. ती पाळी माझी नाही.

बरणी वरच आहे. खाली काढ म्हणून मी कोणाला सांगितलेलं नाही आणि कोणी ठेवली तेही विचारलेलं नाही. काल वरण उकळत असताना वैशाली कामावर निघता निघता स्वयंपाकघरात आली. तिनं हात उंचावून बरणी काढली, माझ्या तळहातावर चमचाभर मीठ ठेवलं, मी ते वरणात टाकेपर्यंत थांबली, आणि बरणी परत वर ठेवली. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं नजर चुकवली.

अगदी कुमुदताईंसारखी.