मान हलवली तो रविवार

त्यानं माझा कोड मोठ्या पडद्यावर लावला आणि वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावावर थांबत, चवीचवीनं. "अख्खो. पाकळी. तुकडो. कणी." हॉलमध्ये पंचवीस-तीस जण होते. आधी पुढची रांग हसली, मग सगळेच. कोणीतरी मागून म्हणालं, "हा कोड आहे की काजूचं दुकान?"

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मीही हसले. हे सांगायला लाज वाटते, पण हसले. सगळे हसतात तेव्हा आपण हसलं नाही तर आपण दिसतो.

कुडाळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रोग्रामिंगचं आव्हान असतं. आठ दिवस आधी प्रश्न येतो, प्रत्येकानं कोड लिहून पाठवायचा, रविवारी जमायचं आणि सगळ्यांसमोर निकाल. वेबसाइटवर यादी लागते. ती यादी बघून पुण्यातल्या दोन-तीन कंपन्या पोरांना मुलाखतीला बोलावतात. माझ्यासारखीला दुसरा रस्ता नव्हता. वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या गावातून पुण्यातल्या साहेबाला मी कशी दिसणार?

त्या महिन्याचा प्रश्न होता पार्सलांची प्रतवारी करण्याचा. हजारो पार्सलं, कमीत कमी वेळात गट पाडायचे. मला तो वाचताक्षणी सुटला, कारण मी तो रोज बघितला होता. माझी आई काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बसते. मे महिन्याच्या सुट्टीत मीही तिच्या शेजारी बसायचे. तिथल्या बायका प्रत्येक गर दुसऱ्या गराशी ताडून बघत नाहीत. आधी नुसत्या नजरेनं ढीग पाडतात, अख्खा, पाकळी, तुकडा, कणी, आणि ज्यांचा संशय वाटतो तेवढेच गर बाजूला काढून पुन्हा तपासतात. मी तेच लिहिलं. नावंही तीच ठेवली, मला दुसरी सुचलीच नाहीत. आलेल्या सगळ्या उत्तरांत माझं सगळ्यात वेगानं चाललं.

वाचणारा माणूस म्हणजे ह्या आव्हानाचा आयोजक. पुण्यात मोठ्या पगारावर होता, आता घरूनच काम करतो. आई ज्या कारखान्यात जाते तो त्याच्या वडिलांचा. बायका त्याला धाकटे शेठ म्हणतात. मी त्याला ओळखत होते. तो मला ओळखत नव्हता.

त्यानं मला उभं केलं. "लॅपटॉप कुठाय तुझा?"

"नाही. मोबाईलवर लिहिलाय."

"मोबाईलवर? एवढा सगळा?" मग प्रमाण भाषा सोडून तो जरा पुढे वाकला. "कोणाचा चेडू गो तू?"

कोणाची मुलगी, हा प्रश्न आमच्याकडे सगळेच विचारतात. एसटीत विचारतात, देवळात विचारतात. मी सवयीनं आईचं नाव सांगितलं.

"अगो, आमच्या कारखान्यातली? टेबलावर बसता ती?" त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तो मऊपणा मला अजून आठवतो आणि अजून संताप येतो. "खरा सांग. कोणी लिवन दिल्यान? मी रागावचंय नाय."

आता माझी चूक सांगते. प्रतवारीच्या टेबलावर एक रीत आहे. सुपरवायझर बाई फिरत येते, कोणाच्या ताटात अख्ख्या गरांत तुकडा सापडला की ताट आपटते. तो तुकडा मशीनमधूनच तसा आला असेल, शेजारणीनं टाकला असेल, काहीही असेल. आपण लगेच म्हणायचं, "माझा चुकला." वाद घालायचा नाही, म्हणजे ती पुढे जाते. मी बारा वर्षांची असल्यापासून ते ऐकत आणि म्हणत आले. जीभ तशीच वळलेली.

मी म्हणाले, "माझा चुकला."

"म्हणजे तुया लिवक नाय?"

आईचं टेबल डोळ्यांसमोर आलं. त्याला खोटं पाडलं तर तिचं काय होईल, एवढंच मनात आलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

तो लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, चूक कबूल करायला धैर्य लागतं. टाळ्या." आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. यादीत माझ्या नावापुढे 'अपात्र – नक्कल' असं लागलं. नंतर सामोसे आले. मी घेतला आणि सगळा खाल्ला. भूक लागली होती. त्या सामोशाची जेवढी लाज वाटते तेवढी त्या मान हलवण्याचीही वाटत नाही.

घरी काही बोलले नाही. पण तीन दिवसांनी आई कारखान्यातून आली ती पाटावर बसून सांगू लागली. धाकटे शेठ टेबलापाशी येऊन सगळ्या बायकांसमोर म्हणाले होते, "चेडू हुशार आसा तुझा, पण नक्कल करूक देव नको." आणि आईनं, जिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, हात जोडले होते. माझ्या वतीनं.

"केलंस काय नक्कल?" तिनं विचारलं.

"नाय."

"मगे कबूल कित्याक झालंस?"

"तुझा काम जायत म्हणान."

ती पाटावरून उठली. मला वाटलं जवळ घेईल. तिनं घेतलं नाही.

"माका इचारलंस?" ती म्हणाली. "मी थंय हात जोडतंय ते तुका जोडूचे लागू नयेत म्हणान. आणि तू जावन ताच केलंस?"

त्या शब्दांइतकं आयुष्यात मला कोणी मारलं नाही. मी आईसाठी त्याग केला असं मनात धरून बसले होते. त्याग कसला? घाबरले होते. आणि आईचं नाव पुढे करून स्वतःला फसवत होते.

पुढच्या महिन्यात मी गेले. निकाल सुरू होण्याआधीच उभी राहिले. तिथे सगळे प्रमाण मराठीत बोलतात, मी घरच्या भाषेत बोलले. "पार्सलांचो कोड माझो. कोणी लिवन दिवक नाय. त्या दिवशी मी खोटा बोललंय."

"तो विषय बंद झाला," तो म्हणाला. "पुढे जाऊया."

"तुमचो झालो. माझो नाय. कोड पडद्यावर लावा आणि खंयचीय ओळ इचारा."

"आईचा विचार कर जरा," तो हळू म्हणाला. हसूनच.

"आवशीनच धाडल्यान माका."

त्यानं लावला. एक ओळ विचारली, मी सांगितली. दुसरी विचारली, सांगितली. तिसरी न विचारताच त्यानं कोड पडद्यावरून काढला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. "बरं, बस," तो म्हणाला. माफी नाही. यादीतला शब्द तसाच.

सोमवारी आईला टेबलावरून उठवून काजू फोडायला बसवलं. टरफलाचं तेल उडतं तिथे, कातडी सोलून निघते. आता ती संध्याकाळी बोटांना खोबरेल लावत बसते. माझ्यामुळे. ही लाज वेगळी आहे, आणि ती मी कोणाला देऊन टाकणार नाही. पण काल तिनंच विचारलं, "आयतवारी जातलंस मां?"

"जातलंय."

चार महिने झाले. मी दर महिन्याला नवा कोड पाठवते, आणि रविवारी निकालाआधी उभी राहून तीच तीन वाक्यं बोलते. लोक आता मोबाईल बघत बसतात, तो घड्याळाकडे बघतो. मी वाक्यं पूर्ण करते आणि मगच खाली बसते. 'नक्कल' हा शब्द ज्यानं लावला त्यानंच तो सगळ्यांदेखत पुसायचा आहे. तोवर त्या हॉलमधला कुठलाच रविवार माझ्याशिवाय सुरू होणार नाही.