चांदा आढळला नाही

"साहेब, चांदा तं तिकडं आतमंदी आहे जी," सुखदेव म्हणाला.

सुखदेव माझा चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा माणूस. त्यानं बोट दाखवलं ती गावातल्या ख्रिश्चनांची दफनभूमी होती. बोरीच्या काट्यांचं कुंपण, एक लाकडी फाटक, आत कडुनिंबाचं झाड आणि मातीचे उंचवटे.

"राहू दे," मी म्हटलं. "विहिरीवरून घेऊ."

माझ्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच चुका केल्या. या चुकीला मी बरीच वर्षं चूकच म्हणत होतो. आता तसं म्हणवत नाही.

मी सर्व्हेअर होतो. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजून दाखवणं हे आमचं काम. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. पारशिवनीकडच्या एका गावात बापूरावजी नावाच्या शेतकऱ्यानं मोजणीचा अर्ज केला होता. त्यांचं म्हणणं, शेजारच्या दफनभूमीनं आपल्या शेतात अतिक्रमण केलं आहे. मेलेल्या माणसांनी अतिक्रमण कसं केलं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मोजणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. तीन पायांच्या तिकाटण्यावर एक लाकडी फळी बसवायची. तिला प्लेन टेबल म्हणतात. फळीवर कागद लावून जागेवरच नकाशा काढायचा आणि तो गावाच्या जुन्या नकाशाशी ताडून बघायचा. पण सुरुवात पक्क्या खुणेपासून करावी लागते. जुन्या सर्व्हेच्या वेळी गावोगाव असे दगड रोवून ठेवले होते. त्यांना आमच्याकडे चांदा म्हणतात. बाकी झाडं पडतात, धुरे म्हणजे शेतांचे बांध सरकतात, माणसं खोटं बोलतात. चांदा हलत नाही, निदान कुणी उपटून नेईपर्यंत तरी.

आणि तो चांदा दफनभूमीत होता. मला आत जायचं नव्हतं. आमच्या घरी कबरस्तानात पाऊल पडलं तरी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाहीत. मेलेलं माणूस पायाखाली तसंच पडलेलं असतं, हा विचारच मला लहानपणापासून सहन व्हायचा नाही. पण भीती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पुढे सांगतो, कारण ते जास्त लाजेचं आहे.

विहिरीवर टेबल मांडलं. जुन्या नकाशात त्या बाजूला एक विहीर दाखवलेली होतीच.

"हीच ना जुनी विहीर?" मी बापूरावजींना विचारलं.

"माह्या आजाच्या टाइमची आहे, साहेब."

तिथून मोजमाप घेतलं. दुसरी खूण म्हणून रस्त्याचं वळण धरलं. ते जुळेना. पाच-सहा मीटरचा फरक येत होता. असं झालं की थांबायचं आणि तिसरी खूण शोधायची, हा आमचा पहिला धडा. मी थांबलो नाही. वळण कालांतरानं सरकलं असेल असं मनाशी म्हटलं आणि विहीर खरी धरली. हद्दीची रेघ दफनभूमीच्या आत गेली. कडेच्या कबरींची एक ओळ बापूरावजींच्या शेतात आली.

तेवढ्यात फाटकातून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. पांढरा सदरा, धोतर, हातात छत्री. शांतवन कंपाउंडर. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. गावात ख्रिश्चनांची आठ-दहा घरं, त्यांत हे मोठे. मोजणीची नोटीस त्यांना मिळालीच नव्हती. ती आमच्या ऑफिसनं नागपूरच्या कुठल्याशा जुन्या पत्त्यावर पाठवली होती. ते दुरून टेबल बघून आले होते.

"साहेब, चांदा आत आहे," ते म्हणाले. "या, दाखवतो. चार पावलं आहे."

"मोजणी मी करून राहिलो ना? मले शिकवू नको."

माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी एकेरीत बोललो.

"शिकवत नाही जी. सांगून राहिलो. त्या ओळीत माझी बायको आहे, रत्ना. मागच्या साली गेली. म्हणून म्हटलं, एकडाव बघून घ्या."

मी फळीवरून डोकं वर न काढता म्हणालो, "तुमच्या साहेबाचं राज्य गेलं आता. त्याच्याकडं जा तक्रार घेऊन."

"माझा कोणता साहेब? मी तं याच गावचा आहो," ते म्हणाले. मग छत्री उघडून उन्हात उभे राहिले. मी रेघ पुरी करेपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुपारचं जेवण बापूरावजींच्या बागेत झालं. ते तावातावानं बोलत होते. "ज्यानं धरम सोडला, त्याची जमीन कायची गा साहेब? विलायतेचा देव पाहिजे, आन् माती आपली पाहिजे?" मी मान हलवत होतो. सुखदेव थोडा लांब बसून भाकरी खात होता. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली धर्म बदलला होता, हे मला चांगलं माहीत होतं. त्या वेळी मात्र ते माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यानं भाकरी अर्धी ठेवून फडक्यात बांधली आणि साखळी गुंडाळायला उठला.

बोलता बोलता बापूरावजींच्या तोंडून दुसरंही निघालं. शांतवनची दोन्ही पोरं भिलाईला नोकरीला लागली, आणि यांचा पोट्टा मॅट्रिक होऊन तीन वर्षं घरी बसून. खरी आग ती होती.

आता माझं. आदल्या जून महिन्यात मी मोठ्या मुलीला घेऊन नागपूरच्या एका कॉन्व्हेंट शाळेत गेलो होतो. नवीन बुशशर्ट शिवला होता. सिस्टरनं मला इंग्रजीत विचारलं, मुलगी घरी कोणती भाषा बोलते. प्रश्न मला समजला होता, पण उत्तर तोंडातून फुटेना. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. ॲडमिशन मिळाली नाही. त्यानंतर ऑफिसात चहाच्या वेळी मी धर्मांतरावर बोलायला लागलो. हे लोक देशाला कसे पोखरतात ते सगळ्यांना समजावून सांगायचो. खरं म्हणजे मी इंग्रजीत नापास झालो होतो आणि राग येशूवर काढत होतो. शांतवन कंपाउंडरना इंग्रजी औषधांच्या नावांपुरतंच यायचं, हे मला पुढे कळलं.

ऑफिसात परत आल्यावर मोजणीचा अहवाल लिहिला. चांद्यापासून सुरुवात का केली नाही, याचं कारण अहवालात द्यावं लागतं. मी लिहिलं, 'चांदा जागेवर आढळून आला नाही.' आमच्यात हे वाक्य कितीतरी जण लिहायचे, कारण बहुतेक गावांत चांदे खरोखरच उपटलेले असायचे.

नकाशाची प्रत हातात पडायची वाट बापूरावजींनी बघितली नाही. मी लावलेल्या खुणांवर त्यांनी बोरीचं कुंपण सरकवून घेतलं, उंचवट्यांवरून वखर फिरवला आणि संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे खणायला घेतले.

शांतवन कंपाउंडर आमच्या अधीक्षक साहेबांकडे आले. बरोबर अर्ज होता. साहेबांनी निमताना मोजणी लावली. निमताना म्हणजे आमच्या मोजणीवर वरच्या अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन केलेली फेरतपासणी. साहेब मोठे कर्मठ. रोज पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत, कपाळावर गंध. मला वाटलं, हे तरी आपल्या बाजूचे असतील.

गावात पोचल्यावर साहेब थेट फाटकाशी गेले. चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत शिरले. मीही चपला काढल्या आणि मागोमाग गेलो. काय करणार?

"चांदा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

शांतवन कंपाउंडर कडुनिंबाकडे गेले. तिथं चांदा उभा होता, पांढराशुभ्र. चुन्याचा थरावर थर चढून त्याचे कोपरे गोल झाले होते. असा धडधाकट चांदा मी त्या सगळ्या भागात दुसरा बघितला नव्हता.

"याला चुना कोणी लावला?"

"आम्हीच लावतो जी. नाताळाच्या आधी सगळ्या कबरींले लावतो, तवा याले बी लावतो. माझा बाप लावे. सरकारचा दगड आहे, म्हणे, हरवला नाही पाहिजे."

साहेबांनी माझा अहवाल पिशवीतून काढला. चांद्याजवळ उभं राहूनच वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, साहेब."

"आढळून आला नाही?"

सुखदेव साखळी धरून जमिनीकडे बघत होता.

साहेब शांतवन कंपाउंडरकडे वळले. "त्या दिवशी हे आत आले होते? तुम्ही यांना सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एकेरीत बोललो होतो, साहेबाचं राज्य काढलं होतं. एका वाक्यात माझी नोकरी अडचणीत आली असती.

"त्या दिवशी ऊन लय होतं," ते एवढंच म्हणाले.

पुढची मोजणी दोन तासांत संपली. चांद्यावरून सगळं जुळलं, रस्त्याचं वळणसुद्धा. फक्त विहीर जुळली नाही. आजाच्या वेळची विहीर बुजवून बापूरावजींनी ही नवी विहीर बाजूला बांधली होती. जुन्या विहिरीची जागा गवतात अजून खचलेली दिसत होती. रेघ परत जुन्या जागी आली. बापूरावजींना कुंपण मागे घ्यायला सांगितलं. साहेब हिशेबी माणूस. त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि नकाशा दुरुस्त करून दिला. कागदावर प्रकरण मिटलं.

साहेब जीपकडे गेल्यावर शांतवन कंपाउंडरनी मला थांबवलं.

"मी बोललो नाही म्हणून माफ केलं असं समजू नका," ते म्हणाले. "मोठ्या साहेबासमोर आमच्या लोकाईचं भांडण नको, म्हणून बोललो नाही. या इकडं."

ते मला कडेच्या ओळीकडे घेऊन गेले. तिथं ओळ राहिलीच नव्हती. सपाट वखरलेली माती आणि मधे मधे खड्डे. लाकडी क्रूस मजुरांनी उपटून एका ढिगात टाकले होते. त्यांवर कुणाचंही नाव नव्हतं. नाव कोरायची ऐपत आणि गरज दोन्ही नव्हती, घरच्यांना ठाऊकच असायचं.

"इथं गेंदाबाई होती. तिले कोणी नाही. आन् इथं माझी रत्ना. का रत्ना इथं आन् गेंदाबाई तिथं? कितीक दिवस झाले, दोघीत अडून राहिलो." त्यांचा आवाज चढला. "तुमचं शास्त्र तं बोटभर जमिनीचा हिशेब देते ना? मंग सांगा. यातली माझी कोणती?"

माझ्याजवळ प्लेन टेबल होतं, साखळी होती, गावाचा नकाशा होता. कबरी कुठल्याच नकाशात नसतात. मी तिथं उभा राहिलो आणि मला रडू आलं. ते बघून त्यांना बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. ते ढिगातले क्रूस एकेक करून उचलायला लागले. सुखदेव पुढे झाला आणि त्यांच्याबरोबर क्रूस उचलू लागला. मी मदत करायला वाकलो, तर ते म्हणाले, "तुम्ही राहू द्या."

चार-पाच वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावावरून जाणं झालं. डिसेंबर होता. फाटक उघडं होतं. मी चपला काढून आत गेलो. शांतवन कंपाउंडर बरेच वाकले होते. बादलीत चुना, हातात कुंचा. कडेच्या ओळीत दोन उंचवटे शेजारी शेजारी नव्यानं रचलेले होते. दोन्हींना सारखाच चुना.

मी माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्य बसमध्ये जुळवलं होतं. म्हणालो, "कंपाउंडरसाहेब, माझ्या हातून..."

"दोघींले लावतो आता," ते मान वर न करता म्हणाले. "एक माझ्या बायकोची. एक तुमच्या मोजणीची."

मग बादली उचलून ते चांद्याकडे गेले आणि त्याला चुना लावायला लागले.

रिटायर होईपर्यंत माझ्या हाताखाली बरेच नवे सर्व्हेअर शिकले. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो. 'आढळून आला नाही' असं लिहायचं असेल, तर आधी तिथं जाऊन शोधायचं.